तिघांची ज्वारी

शुक्रवार पेठ, सोलापूर
जानेवारी १९३४

प्रिय निंगव्वा,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुला कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. एखादं जोडाक्षर अडलं तर ते सोडून पुढे जा, मागाहून अर्थ लागतो. आपण माडीवर बसून असंच वाचायचो. गाडीवाले कासीमभाई पत्र तुझ्याच हातात देतील, तुझ्या वडिलांच्या नाही, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

मला लिहायला अव्वानं बसवलं. ती समोरच तूर निवडते आहे. तू परत यावंस असं तिच्या मनात आहे. तुझ्या वडिलांच्या मनात तुझं दुसरं लग्न लावायचं, उडकी करून द्यायची आहे, मैंदर्गीच्या शरणप्पांशी, हेही आमच्या कानावर आलं. तू काय म्हणतेस ते मात्र कुठूनच आलं नाही. बहुधा कुणी विचारलंच नसेल.

गड्ड्याची यात्रा उठली. अव्वाची रीत तुला ठाऊक आहे. यात्रेचे पहिले दिवस ती नुसती हिंडते, भांडं उचलते, बोटानं वाजवते आणि तोंड वाकडं करून परत ठेवते. पालं सुटायला लागली, दुकानदारांना उरलेला माल गाडीत भरायचा कंटाळा यायला लागला, की मग ती पदर खोचून जाते. यंदाही गेली. संक्रांतीच्या संध्याकाळी आम्ही तिघं बसलो आणि वर्षाचं ठरवलं: तूर आत्ता, मिरची थोडी थांबून, गूळ जेऊरच्या बाईकडून, आणि ज्वारी नवी यायच्या आधी, व्यापारी जमिनीतली पेवं उपसून जुना माल स्वस्तात काढतात तेव्हा. अव्वा बोटांवर मोजत बोलत होती, अप्पा मान हलवत होते. मध्येच माझ्या लक्षात आलं की कुणाचाच आवाज चढत नाही आहे. अण्णा असता तर गुळावरून भांडण झालं असतं. तू हसून आत गेली असतीस. आमचं सगळं एका बैठकीत ठरलं आणि उठलो.

आपल्यात सूतक नाही. कॉलेजात या चालीवर मी एकदा अभिमानानं बोलले होते, की आमच्यात मरण अशुभ मानत नाहीत, विटाळ मानत नाहीत. पुण्याच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. भाद्रपदात अण्णाला समाधी दिली आणि तिसऱ्या दिवशी अप्पा घोंगड्यांच्या दुकानात जाऊन बसले, मी शाळेत जाऊन मुलींना नकाशा काढायला लावला. माझं म्हणणं अजूनही तेच आहे, चाल चांगली आहे. पण घर जरा थांबलं असतं तर बरं झालं असतं. ते थांबलं नाही, म्हणून आम्हाला कुठून पुन्हा सुरू व्हायचं ते कळत नाही. मला रडू येत नाही. येत नाही याचंही काही वाटत नाही. भाकरी खाते, चव लागते, पण ती दुसऱ्या कुणाला तरी लागते आहे असं वाटतं.

मल्ल्या बरा आहे. तू गेल्यापासून जरा वाळला होता, आता पेंड खातो. हातानं भरवावी लागते आणि भरवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, मग मान फिरवतो. परवा त्यानं म्युनिसिपालिटीच्या माणसाला गल्लीच्या टोकापर्यंत पळवलं. त्या माणसाची टोपी अजून आमच्याकडेच आहे, तो मागायला येत नाही. शेजारच्या सुगराबी अप्पांना म्हणाल्या, “नागप्पा, तुमी खाते नै, तो एडका पालते कायकू?” दर वर्षीचीच थट्टा. अप्पा दर वर्षी उत्तर देतात की घोंगडीवाल्याच्या घरी लोकर दारात उभी असावी. यंदा नुसते हसले. सुगराबींचंच तोंड उतरलं, आणि संध्याकाळी त्यांनी वाटीभर हरभरे भिजवून त्याच्यासाठी पाठवले.

वळसंगच्या गुंडा धनगरानं लोकरीबरोबर ते पोरकं कोकरू आणून टाकलं, तेव्हा तुला या घरात येऊन पुरता महिनाही झाला नव्हता. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तू ते जगवलंस. अण्णा म्हणायचा, माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलते. तुझे वडील तुला न्यायला आले त्या दिवशी तू अव्वाशी बोलली नाहीस, माझ्याशी बोलली नाहीस, गोठ्यात जाऊन त्याच्या मानेवर हात ठेवून उभी राहिलीस. अव्वानं ते पाहिलं. तिला ते पाहताना मी पाहिलं.

म्हणून गड्ड्यात तिनं मल्ल्यासाठी कवड्यांचा पट्टा घेतला. काळ्या लोकरीत कवड्या विणलेल्या, मध्ये पितळेची घंटा. दोरखंडवाल्याचं पाल अर्धं उतरलं होतं, तरी त्याला थांबवून घासाघीस करून घेतला. मी म्हटलं, यंदा याची काय गरज होती. ती म्हणाली, “निंगव्वाचा जीव त्या एडक्यात हाय. तो हितं हाय तोवर ती येतीया बघ. तीच बांधंल.” रागानं नाही, लोभानं नाही. भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तशी म्हणाली. पुढच्या पालावर तिनं नेहमीसारख्या पाच वाट्या घेतल्या. घरी आल्यावर धुऊन फळीवर मांडल्या आणि त्यांच्याकडे बघत बसली. मग दोन उचलून गवतात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या. थोड्या वेळानं एक परत खाली काढली. ती तुझी.

ज्वारीला मी आणि अप्पा गेलो. अव्वाचे गुडघे धरले होते. इलाहीबक्ष शेठजींची पेवं उघडली होती, आवारात तो कोंदट, आंबूस वास भरला होता. अव्वानं निघताना अप्पांना बजावलं होतं, चौघांची घ्या. शेठजींनी विचारलं, यंदा किती माणसांची? अण्णाचं त्यांना माहीत होतं, म्हणून खाली बघूनच विचारलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. या घरातली पहिली शिकलेली म्हणून कागदावर सही करायची वेळ आली की ते माझ्याकडे असंच बघतात. मी म्हटलं, “तिघांची.” अप्पांनी मूठभर ज्वारी उचलली, फुंकली, परत टाकली, आणि मापाऱ्याला म्हणाले, “मोज.”

घरी कणगी भरली तेव्हा ती गळ्यापर्यंत आली नाही. अव्वानं बाहेरून तळहातानं थापटून पाहिलं, वरून खाली. जिथे आवाज पोकळ झाला तिथे हात ठेवून ती उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल. तिनं दौत-टाक आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “लिही तिला. कणगीत अजून जागा हाय म्हणावं.” पेवं महिनाअखेरपर्यंत उघडी आहेत, तुझा निरोप आला की उरलेली ज्वारी घेऊ, असा तिचा बेत आहे.

ती वाईट नाही, निंगव्वा. तिला घरात कुणीतरी वावरताना हवं आहे. ते तिला मिळेल. पुण्याच्या शाळेत मला देऊ केलेली जागा मी घेत नाही असं कळवून टाकलं. त्या तिघांत तिसरी मी आहे. यात मी काही मोठं केलं असं समजू नकोस. कुठे राहावं याबद्दल मला सध्या काही वाटत नाही, तेव्हा इथे राहणं सोपं आहे. तुला अजून काही वाटत असेल, तर ते इथे आणून ठेवू नकोस. मैंदर्गीला जायचं असेल तर जा. जायचं नसेल तर तेही वडिलांना तोंडावर सांग आणि मला कळव, मी अक्कलकोटला येऊन तुझ्या शेजारी उभी राहीन. पण आमची दया येऊन, किंवा एडक्यासाठी, परत येऊ नकोस. एडका तिकडेच येतो आहे. अप्पा त्याला चारायला म्हणून मघाशीच घेऊन गेले, दुकानापाशी कासीमभाईंची गाडी घोंगड्या भरून उभी आहे. कवड्यांचा पट्टा अप्पांच्या खिशात होता, जाताना घंटा वाजू नये म्हणून त्यांनी वरून हात धरला होता. तो तूच बांध. इथे तुझी ज्वारी भरलेली नाही. हे सांगायलाच लिहिलं.

अव्वानं आत्ताच विचारलं, जागा हाय म्हणून लिवलंस का? मी म्हटलं, लिहिलं.

तुझीच, आता नणंद म्हणून नव्हे,
गिरिजा