पत्रा हलला की पाय उचलायचा

१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी हातोडी सुखरूप पोचली. ट्रंकेसाठी मी हमाल शोधत होतो, तोवर बाईसाहेब ट्रंक खांद्यावर टाकून रस्त्याच्या पलीकडे. वहिनीने सामान इतकं दिलंय की पोरगी शिकायला आली की कायमची नांदायला, असं आमच्या सौ.ने विचारलं. फोनवर तुला काही सांगायचं म्हणजे आधी सगळ्या गल्लीला सांगायचं, तेव्हा आपलं कागदावरच बरं.

कॉलेजच्या अटी ऐकून मला वाटलं, हे प्रशिक्षक निवडतायत की जावई. पत्राकामाचा ट्रेड पास हवा, तो तिच्याकडे आहे. वर्कशॉपची हजेरी पुरी हवी. वर्षभर सराव पाठ द्यायचे. म्हणजे खालच्या वर्गातल्या खऱ्या मुलांना खऱ्या मशीनवर शिकवायचं आणि मागच्या बाकावर एक सर तोंड आंबट करून बसणार. शेवटचा पाठ बाहेरच्या परीक्षकापुढे. तो निघाला की आपली हातोडी पत्राकामाची प्रशिक्षक, आणि या कॉलेजात तरी पहिलीच बाई. पण सगळ्यांच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे.

कानांचं मला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. ती ओट्याशी पाठमोरी चहा गाळत होती. मी नेहमीच्या आवाजात सांगितलं, साखर नको. वळली नाही. पुन्हा सांगितलं. नाही. साखरेचा चहा मुकाट्याने प्यालो. बेअरिंग कुठे घासतंय ते मी दारातून ओळखतो, त्यावर तर माझं मोटार-दुरुस्तीचं दुकान उभं राहिलं. मग घरातलं मला कसं चुकेल? पण आपल्यात बहिरेपणाला दुखणं कोण म्हणतं! तू ठार, वहिनी अर्धी, आपले आप्पा शेवटी शेवटी दगड. पत्र्याच्या दुकानात वाढलेल्याचे कान झिजतात, चपलेची टाच झिजते तसे. मी वेळेत पळालो म्हणून माझे शाबूत.

तपासणीला डॉक्टर तिच्या मागे उभे राहून हळू आवाजात आकडे बोलायचे, तिने ते परत म्हणायचे. मी तिची फाइल धरून दारात, बरोबर तिच्या समोर. पहिल्याच आकड्याला तिने माझ्याकडे पाहिलं, दुकानात पत्र्याचा गेज, म्हणजे जाडीचा आकडा, विचारायला पाहते तसं. आणि दादा, माझी बोटं आपोआप उठली. चोवीस म्हणजे दोन बोटं हनुवटीला, चार छातीला. मग अठरा, मग बावीस. पोरीने एकही चुकवला नाही. श्रवणशक्ती उत्तम, असा शेरा मिळाला. बाहेर आल्यावर मला इतकं हसू आलं की सायकलचं कुलूप उघडेना.

कॉलेज सुरू झालं की ती वसतिगृहात राहील, काळजी नसावी. वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये, ही विनंती.

तुझा,
धाकटा

---

२ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे ते शेजाऱ्यांनाही पोचलं. ती रागावली. डॉक्टरला फसवू नये म्हणाली. मी म्हटलं, फसवलं कुठे, आपण असंच ऐकतो. मग तीही हसली.

तिच्याविना दुकान मोकळं वाटतं. ती समोरच्या टेबलाशी असायची. मला हाक मारायची तर चिंधीचा बोळा करून पाठीत फेकायची. परवा सवयीने मी वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

तिला एक निरोप दे. तिथलं पत्रा कापायचं मशीन मोठं असेल, पायाने दाबायचं. मशीनच्या मागे पत्रा धरणारा माणूस दाबणाऱ्याला दिसत नाही. तेव्हा पत्र्यावरचा हात सोडायचा नाही. मागच्याने पत्रा हलवला, तो हाताला लागला, की पाय उचलायचा. आपल्या दुकानात ओरडून कोणाचं बोट वाचलेलं नाही.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. पोरीकडे लक्ष असू दे, बाकी मागणं नाही.

आशीर्वाद,
दादा

---

२१ ऑक्टोबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा निरोप काकांनी दिला. वाचून हसले. उद्या जेवताना घास चावायचा असतो, हेही कळवाल!

माझे सराव पाठ सुरू झाले. मुलं माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान. पहिल्या दिवशी एकाने विचारलं की बाईंना पत्रा उचलेल का. त्याला बोलता बोलता एका सपाट तुकड्याचं तोटीसकट नरसाळं करून दिलं. तेव्हापासून मला अहो-जाहो आहे.

एक खोड मात्र सरांच्या नजरेत आलीय. मी मागच्या बाकांना उत्तर देत नाही, प्रश्न विचारला तरी फळ्याकडे तोंड करून उभी राहते, असा त्यांचा शेरा आहे. मुलं मला शिष्ट म्हणतात, हे मैत्रिणीकडून कळलं. मग मी सगळे बाक घोड्याच्या नालेसारखे मांडले. आता सगळ्यांची तोंडं दिसतात, एकही प्रश्न सुटत नाही. गंमत म्हणजे सरांनी या मांडणीचं कौतुक केलं आणि दुसऱ्या वर्गालाही तसं करायला सांगितलं.

बाबा, मला हे काम फार आवडतं. एखाद्याच्या हातात पहिल्यांदा कातर नीट चालायला लागली की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुम्ही मला शिकवताना माझ्याकडे असेच बघत होतात का? मी तेव्हा पत्र्याकडे बघत होते, त्यामुळे माहीत नाही.

आईला सांगा, जेवते. वर्षभर तुमचा हात पाठीवर असू दे. नसेल तर बोळा तरी फेका.

तुमची,
हातोडी

---

११ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. आधी एकटा वाच.

हातोडी धड आहे. तिच्या एका विद्यार्थ्याची दोन बोटं गेली.

परवा तिचा पाठ होता पत्रा कापण्याचाच. वर्कशॉपमध्ये बाक नसतात, मुलं मशीनभोवती उभी असतात. ती पेडलवर, आणि एक उंच मुलगा मागून पत्रा धरून. पत्रा पात्याखाली तिरका सरकला, तो सरळ करायला त्याने एक हात आत घातला आणि थांबा म्हणून ओरडला. ही खुणेच्या रेघेकडे बघत होती. पत्र्यावर तिचा हात होता, दादा, तू सांगितलंस तसा. पत्रा हलला नाही म्हणून तिने पाय दाबला.

पत्रा हलवायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला विचारलं. तिला वाटलं होतं, हे शिकवायचं नसतंच. हे सगळ्यांना येतंच.

कॉलेजने चौकशी लावली आहे. वर्कशॉपच्या सरांचं म्हणणं, बाजूला ग्राइंडर चालू होता, त्यात कोणालाच ऐकू आलं नसतं. आणि चालू कामात हात घालायचा नाही, हा नियम मुलाने मोडला. म्हणजे गाडं मुलावर चाललंय. निष्काळजी ठरला तर त्याचं नाव कमी करतील. प्राचार्यांनी मला पालक म्हणून बोलावून विचारलं, हिला काही त्रास आहे का. फाइलमध्ये शेरा आहे तो पाहा, एवढंच मी म्हणालो. आणि तिला बजावलं, तोंड उघडू नकोस. शेवटचा पाठ महिन्यावर आलाय, तेवढा काढ, मग काय ते बघू. चूक केली असेल तर माझ्या पदरात घाल.

काल दवाखान्यात जाऊन आलो. मुलगा उशीला टेकून बसला होता. बोलायला लागला तर आवाज फुटेना, घोगरा. मी त्याच्या आईला विचारलं, सर्दी झालीय का. ती म्हणाली, नाही, त्या वेळी ओरडून ओरडून घसा बसलाय. तो एकदा नाही ओरडला, दादा. मग त्याने मला विचारलं, बाई त्याच्यावर कशावरून रागावल्या होत्या का.

फळं ठेवून खाली मान घालून आलो. आता दुकानात मोटार चालू केली की त्यात मला तोच घोगरा आवाज ऐकू येतो. माझे कान शाबूत आहेत, असं तुला मोठ्या दिमाखात लिहिलं होतं.

वहिनीला काय सांगायचं ते तू ठरव. माझ्यावरचा लोभ कमी झाला तर मला बोल लावायला जागा नाही.

तुझा,
धाकटा

---

६ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

एकाच गावात राहून तुम्हाला पत्र लिहिते आहे, कारण समोर आले की तुम्ही मला अडवाल आणि मी ऐकेन.

मी त्या मुलाला भेटायला गेले होते. त्याने मलाही तेच विचारलं. मला ते त्याच्या ओठांवर दिसलं. मी त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि सांगितलं की मला ऐकू येत नाही, माझ्या मागे तू कितीही ओरडलास तरी मला कळत नाही. त्याला खरं वाटेना. तो म्हणाला, बाई, तुम्ही तर माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देता. मग त्याने तोंडापुढे चांगला हात धरला आणि काहीतरी बोलला. मी नुसती बघत राहिले. त्याने हात काढला तेव्हा तो रडत होता.

तिथून थेट प्राचार्यांकडे गेले आणि पुन्हा तपासणी करा म्हटलं. या वेळी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. काका, मी आकडा येण्याची वाट पाहत बसले. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे बघत होते. बऱ्याच वेळाने डॉक्टर वळसा घालून समोर आले, तेव्हा कळलं की तपासणी झाली.

चौकशीत मुलावर ठपका ठेवणार नाहीत. त्याचं नाव पटावर राहील. माझं राहणार नाही; जिला मुलाची हाक ऐकू येत नाही, तिच्या हाती वर्कशॉप देता येणार नाही, असं प्राचार्य म्हणाले. ते वाईट बोलले नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. तुमच्या बोटांबद्दल मी काही सांगितलं नाही. तुमच्यावर रागही नाही. तुम्ही दारात उभे होतात, पण बघितलं मीच.

जाण्याआधी एक पाठ मागून घेतला. कोणी सर मागे बसले नव्हते, तो कुठे धरलाही जाणार नाही. मुलांना मशीनपाशी उभं केलं, मशीन बंद ठेवलं, आणि पत्रा कसा हलवायचा ते एकेकाकडून करून घेतलं.

रविवारी निघते. ट्रंक उचलायला या. या वेळी ती माझ्याने उचलेलसं वाटत नाही.

काकूंस नमस्कार. होता तसा जीव असू द्या.

तुमची,
हातोडी

---

१४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, ते रागाने नाही. डॉक्टरच्या गोष्टीवर मीही हसलो होतो. तेव्हा तू एकट्याने ऊर फोडून घेऊ नकोस.

हातोडी कामाला लागली आहे. टेबलाशी बसते, जोड देते, डबे करते. हात पूर्वीसारखाच साफ. कापायच्या मशीनकडे मात्र जात नाही. पत्रा कापायचा झाला तर हातकातरीने कापते, दिवसभर लागला तरी. दुकानातल्या सगळ्यांना तिने कानात कापूस घालायला लावला आहे. मलाही. मी म्हटलं, माझ्यात आता वाचवायला काय उरलंय? ती कापूस घेऊन उभी राहिली. मग घालून घेतला.

त्या मुलाचं पत्र आलं होतं. उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांनी लिहायला जमतंय म्हणून कळवलं आहे. तिने ते वाचून घडी करून ठेवलं. तोंडावर काही दिसलं नाही.

तेच तुला लिहायला बसलो आहे. जेवताना ती आमच्या तोंडांकडे बघते, नीट उत्तरं देते, कधी हसतेही. मग आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. मधे फक्त एक लाकडी फळी आहे. मी फळीला कान लावतो. तुझी वहिनी लावते. आम्ही एकमेकांना विचारतो, आणि दोघांनाही सांगता येत नाही.

पोरगी रडते का, ते आम्हाला कळत नाही, धाकट्या. या घराला कान तुझेच काय ते आहेत. चार दिवस दुकान बंद ठेव आणि ये. त्या दाराशी बस आणि आम्हाला सांग.

वाट पाहतो. येशील तेव्हा कडी वाजवू नकोस, ती कोणाला ऐकू जायची नाही. सरळ आत ये.

तुझा,
दादा