एल्दोपाशी अडलेली शांती

प्रिय शिजीमोळ,

परवा फोनवर तू म्हणालीस, मस्कतची नोकरी सोडून कायमची घरी येते, सजीलाही लग्नाला नकार कळवते, भावाला, एल्दोला सांभाळायला कुणीतरी हवंच. मी नुसतं हं हं केलं. तुला वाटलं असेल, म्हातारी सुखावली. खोटं कशाला बोलू, सुखावलेच होते. पण इथलं काही तुला ठाऊक नाही, ते आधी ऐक.

आपल्या वाडीची प्रार्थना दर महिन्याला एकेका घरी होते. तुझे अप्पच्चन मला मागे ठेवून देवाघरी गेल्यापासून ती मरियाम्माच्या घरून थेट कुरियनकडे उडी मारायची, मधलं आपलं घर जणू नव्हतंच. यंदा ईस्टरआधीच्या उपासकाळात माझं डोकं फिरलं. भर बैठकीत उठून विचारलं, देवाचा रस्ता आमच्या घरावरून जात नाही का? मग मरियाम्मा रडवेली होऊन म्हणाली, तुला त्रास नको म्हणून गं, एवढ्या माणसांचा चहा, त्यात एल्दो. बघ, दयेपोटीसुद्धा माणसं वाळीत टाकतात!

पुढच्या महिन्यात सगळे आपल्याकडे आले. पहिल्याच स्तोत्राला एल्दोनं कान झाकून किंकाळी फोडली आणि केळ्याच्या वेफर्सची परात उडवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर तो वर्की, डुकराचं मटण विकणारा, ज्याचा आवाज नदीपलीकडे जातो, तो एक शब्द न बोलता खाली बसला आणि वेफर्स वेचून खायला लागला. उपासात दुकान बंद, भूक लागली असेल बापड्याला. थोड्या वेळानं एल्दोही त्याच्याशेजारी बसून खात होता. बाकीच्यांनी स्तोत्र हळू आवाजात पुरं केलं. त्याच दिवशी धीर करून मी आपल्या पाद्री अच्चनना माझ्या मनाच्या गोळ्यांबद्दलही सांगून टाकलं. वाटलं होतं, श्रद्धा कमी पडते म्हणतील. ते म्हणाले, "अम्मची, प्रार्थना मी करतो, गोळी तुम्ही चुकवू नका."

एवढ्या वाढलेल्या मुलाला बायकांच्या बाजूला कसं उभं करणार, आणि मी पुरुषांत कशी जाणार? म्हणून इतकी वर्षं आम्ही मायलेक चर्चच्या दाराबाहेर, चपलांपाशी. आता रविवारी वर्की त्याला स्कूटरवरून नेतो, पुरुषांत आपल्याजवळ उभं करतो. घंटेला घाबरला तर विहिरीपर्यंत फिरवून आणतो. वर्कीला जमलं नाही तर कुरियन असतो, नाहीतर थॉमस सर. गंमत होते ती शांतीच्या हाताची. वेदीपासून एकमेकांचे हात हातात घेत रांगेरांगेनं मागे येणारी शांती एल्दोपाशी पोचली की अडते. समोरच्याचा हात तो घट्ट धरून ठेवतो, मागे देतच नाही. मागच्या रांगा ताटकळतात. आपले ट्रस्टी पुटपुटले, मागच्यांनी काय अशांतच घरी जायचं? अच्चन म्हणाले, "धरू दे त्याला. मागच्यांसाठी मी दुसरी पाठवतो." तेव्हापासून एक सेवक मधल्या वाटेनं थेट मागे जाऊन शांती देतो. आता त्यात कुणाला नवलही वाटत नाही.

हे फोनवर सांगितलं असतं, पण मला रडू फुटलं असतं आणि तू पहिलं विमान धरलं असतंस. म्हणून लिहिते. येऊ नकोस, मोळे. नोकरी सोडू नकोस, सजीला हो म्हण. सुट्टीला ये, लग्नाला ये. इतकी वर्षं माझं सगळं मागणं एल्दोचंच असायचं, तेही एका हातानं त्याचं मनगट धरून. या रविवारी तो पलीकडे होता, माझे दोन्ही हात मोकळे होते. तुझ्यासाठी काहीतरी मागावं म्हणून डोळे मिटले, तर काय मागायचं तेच सुचेना, इतकी सवय नव्हती. रडू आलं गं. मग एवढंच म्हटलं, हिला हिचं घर मिळू दे.

तुझीच,
अम्मची