‘पूरक’ची व्युत्पत्ती

१४ मार्च १९९४, डोंबिवली
माटुंग्याच्या न्यूरॉलॉजिस्टने अखेर रोगाचे नाव सांगितले. मायस्थेनिया ग्रेव्हिस. अर्धे ग्रीक, अर्धे लॅटिन. असा संकर डॉक्टरांनाच शोभतो. म्हणे शरीराचे संरक्षक दल घरच्याच माणसांवर उलटले आहे आणि नस जिथे स्नायूला निरोप देते तिथे नाकेबंदी करून बसले आहे. म्हणून डावी पापणी पडते. म्हणून बोलता बोलता आवाज नाकात जातो. मेंदू मात्र ठणठणीत. हे वाक्य सुमतीने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले. पत्नीला इतकी शंका असू नये.
उपचार: गोळी, दर चार तासांनी, चुकवायची नाही. तीस वर्षे संस्कृत शिकवलेल्या माणसाला घड्याळाचा गजर लावायला सांगणारा हा मुलगा स्वतः तिशीचा नसेल.
२२ मेला मुलीचे, ऋजुताचे लग्न. मंगलाष्टके मीच रचणार, मीच म्हणणार. अकरा. आठ इतर लोक म्हणतात.

१९ मार्च
गोळीने आवाज सुधारतो, हे मान्य. पण पोटात गुरगुरते. आज नववी ‘ब’मध्ये कर्मणी प्रयोग चालू असताना इतके गुरगुरले, की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, सर, आत कोण आहे? वर्ग पाच मिनिटे हसत होता. माइकसमोर असे झाले तर? शार्दूलविक्रीडित वृत्त आहे हे खरे, पण शार्दूल प्रत्यक्ष नको.

२ एप्रिल
देवराम भोईर भेटला. हा पूर्वी एमआयडीसीतल्या मोटारींचे वाइंडिंग करत असे. आता मानपाडा रोडला गाळा, वर बोर्ड ‘ब्रेन पॉवर सेंटर’. यंत्र साधे आहे: नऊ व्होल्टची बॅटरी, मिठाच्या पाण्यात बुडवलेले दोन स्पंज, रबरी पट्टा. पट्टा कपाळाला बांधायचा. ना सुई, ना चिरफाड. मेंदूला बाहेरूनच चेतना मिळते. बोलला, मास्तर, टेन्शन नको घेव, फॉरेनला मोठमोठ्या हॉस्पिटलात हेच करतात.
त्याला हँडबिल छापायचे आहे. कुणा डॉक्टरने दम दिला म्हणे, की ‘कॉम्प्लिमेंटरी’ असे स्पष्ट लिही, नाहीतर तक्रार करीन. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘जोडीला’ लिवू का?
मी म्हटले, जोडीला काय, मिसळीबरोबर पाव आहे का? लिही, पूरक.
खूश झाला. मोबदल्यात मला यंत्र घरी वापरायला.

३ एप्रिल, सकाळ
अंघोळ करताना प्रकाश पडला. पूरयति इति पूरकम्. जे पूर्ण करते ते पूरक. आता ज्याला पूर्ण करावे लागते ते मुळात अपूर्ण असलेच पाहिजे. म्हणजे गोळी अपूर्ण. आणि पूर्ण करणारे हाती असताना अपूर्णाला धरून बसणे हा तर्कदोष. डॉक्टरांना एवढेही कळत नाही, कारण त्यांना धातूच माहीत नाहीत.
टॉवेलवरच सुमतीला सांगितले. ती म्हणाली, लोणचं जेवणाला पूरक असतं, म्हणून कुणी पोळी टाकत नाही. आणि आधी अंग पुसा.
तिचे शिक्षण बी.कॉम.

७ एप्रिल
साडेआठला स्पंज लावले, नऊला श्लोक म्हटले. अकराच्या अकरा खणखणीत! शेजारचे परांजपे दार उघडून बाहेर आले. (आवाज कमी करा म्हणाले. म्हणजे आवाज होता.)
सुमतीचे म्हणणे, झोपून उठल्यावर तुमचा आवाज चांगलाच असतो, मशीन संध्याकाळी लावून बघा. शिवाय म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलं ना, मेंदूत काही बिघाड नाही? गळतंय नळाशी आणि तुम्ही गच्चीवर जाऊन टाकी हलवताय.
तिला प्रयोगपद्धती समजावून सांगितली. ती गवार मोडत राहिली.
दुपारची गोळी बंद.

१५ एप्रिल
यंत्र संध्याकाळी लावून पाहिले. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, सहज. मिठाचे पाणी डोळ्यात गेले. ‘पिबति’ म्हणायला गेलो, ‘मिमनि’ आले. कारण उघड आहे. एमआयडीसीचा वास. नाक चोंदते.
मेहुणा विठ्ठल जेवायला होता. हा विमा विकतो. म्हणाला, भाऊजी, नाक चोंदल्यावर ‘म’चा ‘ब’ होतो. तुमचा ‘ब’चा ‘म’ होतोय. हे उलटं आहे.
विम्याच्या माणसाने उच्चारशास्त्रात पडू नये. शिवाय अनुनासिक हा व्याकरणात मानाचा वर्ण आहे. तसे सांगितले. ‘मानाचा’ शब्द उत्तम उमटला.
संध्याकाळची गोळी बंद.

२८ एप्रिल
मंगलाष्टके नव्याने शुद्ध केली. प, ब, त, द यांची गर्दी कमी केली, म आणि न वाढवले. अनुप्रासासाठी. अन्य कारण नाही. ‘बापाची’ या जागी ‘जनकमनींची’ टाकले. विठ्ठलला वाचून दाखवले. म्हणाला, गोड आहे, पण भाऊजी, भुंगा म्हणतोय असं वाटतं.
आता फक्त सकाळची गोळी. तीही सुमती समोर उभी राहते म्हणून.

८ मे
चहा नाकातून आला. कप सदोष.
सुमतीने परांजप्यांच्या फोनवरून डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, ताबडतोब घेऊन या, गिळता येत नसेल तर पुढे श्वासावर येईल. भीती घालणे हा या धंद्याचा पाया आहे. लग्न दोन आठवड्यांवर असताना माटुंग्याला जाऊन बसायला मी रिकामा नाही.
देवरामला विचारले. बोलला, पावर वाढवू. दोन बॅटऱ्या लावल्या. कपाळ चुरचुरले. म्हणजे पोचते आहे.

१३ मे
ऋजुता जवळ येऊन बसली. म्हणाली, बाबा, तुम्ही एकच म्हणा ना, बाकीची भटजी म्हणतील. मला तुम्ही तिथे उभे असलात की झालं. मी विचारले, शहाडच्या व्याह्यांनी काही म्हटले का? ती म्हणाली, नाही हो, मला तुमची काळजी वाटते. डोळ्यांत पाणी होते.
सासरच्यांची बाजू आतापासूनच घेते आहे. मी एक बारावे रचायला घेतले.

२१ मे
रंगीत तालीम नको, आवाज जपायचा आहे. मौन पाळले. साडेदहापर्यंत. नंतर आचाऱ्याने जिलेबीचा पाक बिघडवला, मग मांडववाल्याने ‘शुभविवाह’मधला ‘वि’ दीर्घ रंगवून आणला, मग विठ्ठल आला. बोलावेच लागले.
उद्या गोळी अजिबात नाही. माइकवर पोट गुरगुरले तर शहाडवाले वर्षभर हसतील. सुमतीला सांगेन की घेतली. गोळी खिशात राहील.

२२ मे, सकाळी ६
आवाज उत्तम. पापणी जरा खाली आहे, पण फेट्याखाली कोण पाहतो! मुहूर्त बारा सत्तेचाळीस. आज डोंबिवलीला कळेल उच्चार म्हणजे काय.

२ जून, मुंबई, हॉस्पिटल
आज प्रथमच पेन धरता आले. क्रमाने लिहितो.
हॉलवर पोचलो तेव्हापासून बोलतच होतो. भटजी ‘लक्ष्मी’चे ‘लक्शुमी’ करत होते. त्यांना क्ष शिकवण्यात अर्धा तास गेला. साडेअकराला वधूपक्षाच्या खोलीत पट्टा बांधला. मिठाचे पाणी फेट्यात मुरले. वरमाय डोकावली आणि परत गेली.
मुहूर्त. अंतरपाट. माइक. पहिला श्लोक बरा गेला. दुसऱ्याच्या दुसऱ्या चरणात जीभ जड झाली. तिसऱ्यात टाळू सुटली. जे बाहेर आले त्याला कोणत्याही भाषेत लिपी नाही. चौथ्या चरणाला तोंड उघडले, काहीच आले नाही. मान छातीवर पडली. दोन्ही डोळे मिटले, उघडेनात. मिठाचे पाणी गालांवरून वाहत होते.
मग भटजींनी ‘तदेव लग्नं’ सुरू केले, अक्षता पडल्या, बँड वाजला. लग्न वेळेवर लागले. माझे नऊ श्लोक कुणी मागितले नाहीत. बाराव्याचा तर कुणाला पत्ताच नव्हता.
पंगतीत पाणी गिळता येईना. श्वास लागला. विठ्ठलने कुणाची तरी मारुती मागून घेतली. वाटेत त्याने माझी मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, पूर्ण वेळ. हे लिहिणे भाग आहे.
पाच दिवस श्वासाचे यंत्र. याला मात्र हँडबिल नव्हते.
तोच तिशीही न गाठलेला डॉक्टर रोज येतो. ओरडत नाही. त्यामुळे अधिकच राग येतो. आज त्याला पाटीवर लिहून विचारले, त्या यंत्राने काहीच होत नाही का? म्हणाला, पुढेमागे होईलही, प्रयोग चालू आहेत. झालं तरी गोळीच्या बरोबर, गोळीऐवजी नाही.

५ जून
नाकातली नळी काढली. बोलायला मनाई, पाटी आहे.
ऋजुता आणि जावई आले होते. विठ्ठलही. तो म्हणाला, भाऊजी, शहाडला फक्त तुमचीच चर्चा. बापाचा कंठ दाटला म्हणतात. पहिल्या ओळीतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. वरमाय म्हणाली, इतकं काळजातून म्हटलेलं मंगलाष्टक आजवर ऐकलं नाही, मध्येच थांबले तिथे तर मला उभं राहवेना. व्हिडिओवाल्याने नेमका तेवढाच भाग दोनदा घेतला आहे.
इतके छंद, इतकी मात्रामोजणी. आवडले ते थांबणे.
बाकीचे बाहेर गेल्यावर ऋजुता पलंगाच्या कडेला टेकली. हळूच म्हणाली, मला वाटायचं, बाबांना माझ्या जाण्याचं काहीच नाही, त्यांना श्लोकांचंच पडलंय. खरं सांगा बाबा, रडलात ना तुम्ही?
पाटी घेतली. ‘मायस्थे’ एवढे लिहिले. तिच्याकडे पाहिले. खोडले.
मान हलवली. होय.
तिने कपाळ माझ्या हातावर टेकले. तिच्या डोक्यावरून सुमती माझ्याकडे पाहत होती. तिला सगळे माहीत आहे. खिशातली गोळी तिलाच धुवायच्या सदऱ्यात सापडली होती. तिने घड्याळ पाहिले, गोळी कुटली, मधात कालवली आणि चमचा पुढे केला.
मी आ केला.