तिच्या फोनची नक्कल

५ मार्च २००६
आलो एकदाचे नाशिक रोडला. भाड्याचा फ्लॅट, पण गॅलरीत सकाळचं ऊन येतं. मनीषानं आल्या आल्या दूध उतू जाऊ दिलं आणि स्वतःच हसत सुटली. तिची थोरली बहीण सृष्टीताई दिंडोरीला दिलेली, म्हणून ही बदली मी मुद्दाम मागून घेतली. ताईचे यजमान मोतीरामराव बागेतल्या द्राक्षांची पेटी घेऊन आले. ताई माहेरी सुरगाण्याला गेलीय म्हणाले. फार मोकळा माणूस.

१४ मार्च
मनीषा मोबाइल घेऊन गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. मेसेज वाचला की पुसून टाकते. कोण म्हणून विचारलं, तर टेलर म्हणाली. ब्लाउजसाठी एवढे मेसेज?

१९ मार्च
न करायचं ते केलं. फोन दुरुस्तीला नेतो म्हणून घेतला, दुकानात माझाच आहे असं सांगितलं. दुकानदारानं आत काहीतरी घालून दिलं. आता तिला आलेल्या प्रत्येक मेसेजची नक्कल मला येणार. फोन परत दिला तेव्हा तिनं मला चहा करून दिला. तिच्याकडे बघवेना.

२३ मार्च
'खोली मिळाली. पंचवटी, फुलबाजारामागे चांगुणाबाईंची चाळ, माडीवर. एकटीच ये. महेशला कळू देऊ नकोस.'
नंबर अनोळखी, तिच्या फोनमध्ये नाव 'टेलर'.

२४ मार्च
मोतीरामरावांपाशी बोललो. वडीलधारं दुसरं कोण आहे इथं? मेसेज त्यांनी दोनदा वाचला. मग खांद्यावर हात ठेवला. "लय मनावर घेऊ नका, महेशराव. तिला काय बोलू नका. मी बघतो." पत्ता मात्र नीट लिहून घेतला. बायकोची अब्रू मी अशी दुसऱ्याच्या हातात दिली. तरी हलकं वाटलं.

२६ मार्च, दुपार
मनीषा न्हाणीघरात. नक्कल आली —
'मने, मोतीराम खाली उभाय. पत्ता कुणी दिला? पोलीस घेऊन ये. ह्या वेळी तो मला जिवंत ठेवणार नाही.'
टेलर म्हणजे ताई. माहेरी गेलीच नव्हती. त्याच्यापासून लपली होती.
नळ चालू आहे. दार ठोठावायचं, एवढंच. पण मला कसं कळलं, ते सांगावं लागेल —

थोड्या वेळानं
नाही ठोठावलं. बाहेर आल्यावर ती स्वतःच वाचेल, म्हणत बसलो. ती फोनकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.
पोलिसांना लावला. त्यांनी नाव विचारलं. ठेवून दिला. मी — ठेवून दिला —
त्याच 'टेलर'च्या नंबरवर ताईला लावला. कुणीतरी उचलला. नुसता श्वास. पुरुषाचा —

आत्ता
ताईच्या नंबरवरून —
'मनीषा, बहिनीची वाट बघू नको. पत्ता तुझ्याच नवऱ्यानं दिला. इचार त्याला.'
तिचाही फोन वाजला. हात पुसत आली — उचलला — वाचतेय —
मी मान खाली घालून लिहितोय. वर बघायची —
अहो, म्हणाली, हे