लाल काठाची गाठ

फेब्रुवारी २०१५, बुधवार. झरी.

पंचायत समितीच्या निवडणुकीत मी पडले. का पडले, याचीच आज तलासरीला पक्षाच्या ऑफिसात चर्चा. आणि तिथेही मधूदादा मलाच म्हणतो, "आधी चहा टाक गं." सेक्रेटरी ना तो! मग सगळ्यांसमोर सुनावलं, "पत्रकावर नवऱ्याचा फोटो घाल म्हणून सांगत होतो. तुला ओळखतो कोण पाड्यांवर?"

दारूच्या भट्ट्या फोडायला बायकांना घेऊन कोण फिरलं त्या पाड्यांवर? याचा बाप?

साखरेचा डबा काढायला कपाट उघडलं, तर मागे माझ्याच पत्रकांचा गठ्ठा. जुन्या साडीचा लाल काठ फाडून मीच बांधलेला. पाड्यांवर वाटायला म्हणून मधूदादाच्या हातात दिला होता. गाठसुद्धा सुटलेली नाही!

आणि मी काय केलं? गठ्ठा पिशवीत कोंबला आणि चहा गाळला. त्याच्या कपात दोन चमचे साखरही घातली.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे, "जाऊ दे. पुढच्या वेळी माझा फोटो टाकू." आज स्वतःच्या हाताने वाढून घे म्हणावं.

गठ्ठा समोरच आहे. ती लाल गाठ दिसली की डोकं भणभणतं. उद्या महिलांची बैठक. बायकांना धीर द्यायला मधूदादा भाषण करणार आहे. तो उभा राहिला की गठ्ठा त्याच्या पुढ्यात आपटणार आणि म्हणणार, "दादा, आधी ही गाठ सोड."