मुठीत कोमट झालेलं पाणी

ती. बाबा,

दुरूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते, फक्त आज डोकं फिरलंय. आईचा चष्मा बदलला का?

हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलतं ते मोजायचं, हे माझं काम. हृदयात सरकवलेल्या नळीतून थंडगार सलाइनचं पाणी सोडायचं आणि पुढे रक्त किती गार झालं ते बघायचं; जितकं कमी गार, तितकं हृदय जोरकस. तीनदा मोजून आकडे जुळले तरच लिहायचे. आज एका आजोबांचे काही केल्या जुळेनात. त्यांच्या हृदयाची झडप गळकी, म्हणून मी तिलाच बोल लावत बसले. मग पाहिलं तर आमचे नवे डॉक्टर गार सिरिंज मुठीत धरून गप्पा मारतायत. पाणी कोमट झालं की अशक्त हृदयही दणकट दिसतं. सांगितलं, तर म्हणाले, "सरासरी काढा ना."

बाबा, झडप तुमचीही गळकी आहे. फोनवर तुम्ही म्हणता, ठणठणीत आहे. आई 'बरे आहेत' म्हणून विषय बदलते. दादा म्हणतो, जिन्यात दोनदा बसता. तीन आकडे जुळत नाहीत, आणि मी सरासरी काढणार नाही.

सोमवारी तपासणीला जा. दादाला बरोबर न्या.

तुमचीच,
चिडकी धाकटी