दोन पिस्तुलं आणि शनिवारचे डोनट

पाइन ब्रँच, पूर्व टेक्सास
मंगळवार, ४ ऑक्टोबर २०१६

प्रिय क्लोव्हिस,

तू बरा असशील. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. ममाचा गुडघा पुन्हा चर्चच्या पायऱ्या चढू देतोय. डॅडींचा खोकला गेला. तू ईस्टरला ममाला पाठवलेल्या कार्डावरून तुझा पत्ता उतरवून घेतला. तिला विचारून घेतला, चोरून नाही.

नऊ वर्षांत मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. ममा तुझ्याशी फोनवर बोलत असते तेव्हा मी गाडी धुवायला अंगणात जातो, हे तिने तुला सांगितलं असेलच. माझी गाडी फार स्वच्छ असते.

मला नोकरी लागली. पाणीपुरवठ्याच्या तलावाच्या फाटकावर हत्यारी पहारेकरी म्हणून, सकाळी सहा ते दुपारी चार, पुढच्या सोमवारपासून. लेखी परीक्षा होती. दहावीत शाळा सोडलेल्याला घाम फुटावा अशी होती, पण मी महिनाभर डिक्शनरी उशाशी घेऊन झोपलो आणि एकही स्पेलिंग चुकलं नाही. आधीचा पहारेकरी सांगत होता की सहा वर्षांत त्या फाटकातून आत घुसायचा प्रयत्न फक्त एका रानडुकराने केला.

गणवेश कंपनी देते. पिस्तूल ज्याचं त्याने आणायचं. तिथेच माझं अडलं आहे, म्हणून हे पत्र.

रविवारी जेवण झाल्यावर डॅडींनी त्यांचं पोलादी पिस्तूल आणून माझ्या ताटाशेजारी ठेवलं. तेच, आजोबांचं. "हे घे," म्हणाले. "माझा बाप हे कमरेला लावून तीस वर्षं फाटकावर उभा राहिला." ममाने पावांची टोपली उचलली आणि आत गेली. पाव अजून संपायचे होते.

मी म्हटलं, "थँक यू, सर. विचार करून सांगतो."

"विचार? पिस्तूल घेतोयस की लग्न करतोयस?"

मी हात लावला नाही. ते तीन दिवस टेबलावर तसंच आहे, वरची सरकती स्लाइड मागे ओढून अडकवलेली, रिकामी. आम्ही त्याच्या बाजूने ताटं मांडतो.

काल मिस वर्डीच्या दुकानात गेलो. एका भिंतीला मासेमारीचे गळ, दुसरीला काडतुसं, मध्ये ती. अजून तसंच आहे. तिने मला पॉलिमरच्या सांगाड्याचं एक दाखवलं, म्हणजे वरचं सगळं पोलादच, पण मूठ आणि खालचा भाग कडक प्लास्टिकचा. मी वहीत दोन रकाने करून नेले होते. डॅडींचं भरल्यावर पावणेतीन पौंड, हे भरूनही दोनाच्या आत. डॅडींच्यात सात गोळ्या, ह्यात पंधरा. पोलाद जड असल्यामुळे झटका कमी बसतो आणि नेम हलत नाही, पण आपल्याकडच्या घामाने ते गंजतं आणि दहा तास कमरेला ओढ लागते. प्लास्टिक गंजत नाही, पण मुठीत उडी मारतं.

"वही छान आहे," मिस वर्डी म्हणाली. "पिस्तुलाला हात कधी लावणार?"

"डॅडी म्हणतात, प्लास्टिकचं खेळणं असतं."

"तुझ्या डॅडींचे दात प्लास्टिकचे आहेत. मागच्या शनिवारी त्याच दातांनी त्यांनी माझं मक्याचं कणीस खाल्लं."

मग तिने ते साफ करायला कसं उघडायचं ते सांगितलं. डॅडींचं पिस्तूल चाप न ओढता सुटं होतं. ह्याचं तसं नाही. ह्यात आधी मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, स्लाइड ओढून नळी रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने बघायचं आणि मग रिकाम्यावर चाप ओढायचा, तेव्हाच ते सुटं होतं. "घे, करून बघ," म्हणाली.

मी म्हटलं, "मॅम, मी गाडी बहुतेक चुकीच्या जागी लावली आहे." आणि बाहेर आलो. गाडी बरोबर जागी होती.

तर तुझा सल्ला हवा आहे. तू तिकडे ओडेसाला तेलाच्या विहिरींवर रोज हत्यारी पहारेकरी बघत असशील. एक पिस्तूल मला हातात धरवत नाही आणि दुसऱ्याचा चाप ओढवत नाही. सोमवारी सकाळी सहाच्या आत ह्यातलं एक माझ्या कमरेला हवं, नाहीतर जागा दुसऱ्या माणसाची.

मला खरं म्हणजे आणखी एक लिहायचं होतं. ते जमलं तर पुढे लिहीन. तो जुना फ्रीजर अजून चालतो. ममाने त्या भोकावर चुंबकाने कॅलेंडर लावलं आहे. दर वर्षी नवीन आणते आणि तिथेच लावते.

तुझा,
एनिस


पाइन ब्रँच
रविवार, ९ ऑक्टोबर २०१६

प्रिय बब्बा,

लहानपणी मी तुला हीच हाक मारायचो, सगळे धाकटे थोरल्याला मारतात तशी. तू गेल्यापासून ती मी कोणालाच मारलेली नाही. आज लिहून बघितली. बरं वाटलं.

आधीचं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. त्यातल्या प्रश्नाचं उत्तर आता द्यायला नको.

काल शनिवार होता. तुला आठवतंय ना, खाणीतल्या रेंजवर नेमबाजी सुरू व्हायच्या आधी सगळे कॉफी घेऊन लाकडी टेबलाभोवती उभे राहतात आणि मिस वर्डी विचारते, "कोणाला काही सांगायचंय?" ज्याच्या हातून नको तेव्हा गोळी सुटली असेल त्याने पुढे येऊन आपल्या तोंडाने सांगायचं, आणि सगळ्यांना डोनट आणायचे. डोनट खाल्ले की ते प्रकरण संपलं, पुन्हा कोणी काढायचं नाही. बहुतेक शनिवारी कोणी काही सांगत नाही. ती विचारते, लोक कप हलवतात आणि सगळे पुढे सरकतात.

काल मी चार डझन घेऊन गेलो. दोन साखरेचे, एक चॉकलेटचे, एक साधे. डबे बघितल्याबरोबर सगळ्यांच्या माना वळल्या. डॅडी टेबलाच्या त्या टोकाला होते. त्यांना वाटलं नव्या नोकरीचे. "पगार मिळायच्या आधीच वाटतोयस?" ते म्हणाले.

मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. काही चुकलं असेल तर कळव. तू तिथे होतास.

मी म्हटलं: "नऊ वर्षांपूर्वी, हरणाच्या हंगामात, आमच्या स्वयंपाकघरात जी गोळी सुटली ती क्लोव्हिसच्या हातून सुटली नव्हती. माझ्या हातून सुटली. मी पंधरा वर्षांचा होतो. डॅडींनी आजोबांचं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि आम्हा दोघांना म्हणाले, साफ करा, रिकामं आहे. क्लोव्हिस तेल आणायला गेला. मी त्याच्या आधी सुरुवात केली. मी आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं. क्रम उलटा केला. स्लाइड ओढल्यावर एक गोळी बाहेर पडली तेव्हा मला वाटलं, आता झालं रिकामं. पण मॅगझिन आतच असल्यामुळे दुसरी वर चढली होती. स्लाइडबरोबर मागे गेलेला घोडा खाली आणायला मी चाप ओढला. गोळी भिंतीतून पलीकडे गेली आणि फ्रीजरमध्ये शिरली. ममा फ्रीजरपासून हातभर अंतरावर वाकून फरशी पुसत होती. क्लोव्हिस धावत आला आणि माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. डॅडी दारात आले तेव्हा ते त्याच्या हातात होतं. तो म्हणाला, माझ्याकडून झालं. मी काही बोललो नाही. पुढच्या शनिवारी तो इथे उभा राहून तेच म्हणाला आणि तुम्ही त्याचे डोनट खाल्ले. मीही खाल्ला. मग डॅडींनी शेरीफच्या पोलीस शाळेसाठी दिलेलं शिफारसपत्र परत मागून घेतलं आणि तो गाव सोडून गेला."

एवढं मी पाठ केलं होतं, तेवढंच बोललो.

बड हॅगर्टीच्या हातात डोनट होता, तो ठेवावा की खावा ते त्याला कळेना. शेवटी मिस वर्डी म्हणाली, "म्हणजे नऊ वर्षांपूर्वी आम्ही चुकीच्या माणसाचे डोनट खाल्ले."

"हो, मॅम."

"ते शिळेही होते."

दोघंतिघं हसले. मग डॅडींनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ते गाडीत बसून निघून जातील. मी त्याचीही तयारी करून आलो होतो. बॅग गाडीत होती.

डॅडी टेबलाच्या टोकाकडून चालत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. तोंड लोकांकडे. ते इथे चाळीस वर्षं नेम शिकवतात, पण असे पुढे येऊन कधी उभे राहिलेले मी पाहिले नव्हते.

"पोराने एक गोष्ट हळूच सांगून पुढे ढकलली," ते म्हणाले. "ती मी सांगतो. मी रिकामं आहे म्हटलं. ते भरलेलं होतं. आदल्या दिवशी मी डुकरावर दोन गोळ्या झाडल्या आणि मॅगझिन पुन्हा भरून आत घातलं. विसरलो, आणि ते पोरानेच भरलं असणार असं धरून चाललो. दोन आठवड्यांनी ट्रकमध्ये काडतुसांचा डबा उघडा सापडला तेव्हा आठवलं. तोवर पत्र परत घेऊन झालं होतं. तोवर क्लोव्हिसला मी जे बोलायचं ते बोलून झालो होतो. आणि मी चाळीस वर्षं तुम्हा सगळ्यांना शिकवतोय की हातात आलेलं प्रत्येक हत्यार भरलेलंच समजा."

त्यांचा आवाज कुठेच चढला नाही. बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. फक्त टोपी काढून हातात धरली होती.

मिस वर्डी म्हणाली, "वर्नन टीग, आपला नियम काय आहे? डोनट खाल्ले की विषय संपला. तू क्लोव्हिसला नऊ वर्षं चघळलंस."

"येस, मॅम."

"पुढच्या शनिवारी तू आणायचे. ताजे. आणि माझ्यासाठी दालचिनीचे."

"येस, मॅम."

एवढंच झालं, बब्बा. मग नेमबाजी झाली. बड हॅगर्टीने तो डोनट खाल्ला.

मला वाटलं होतं की छाती फुटेल, पण झालं असं की मला सपाटून भूक लागली. मी उभ्याने चार खाल्ले. हात स्वच्छ पुसले आणि दोन्ही पिस्तुलं पाच-पाच गोळ्यांनी चालवून बघितली. मिस वर्डीने प्लास्टिकचं तिच्या ट्रकमध्ये आणूनच ठेवलं होतं. आजोबांचं डॅडींनी. खरं सांगायचं तर आजोबांच्या पिस्तुलाची भोकं जास्त जवळ पडली, पाचही एका कपाखाली झाकतील इतकी. प्लास्टिकच्याची बशीभर पसरली. तरी मी प्लास्टिकचं घेतलं. दहा तास उन्हात उभं राहायचं आहे आणि माझं कंबरडं आजोबांचं नाही. फॉर्म भरला, घरी आणलं. हे कारण आहे आणि एवढंच कारण आहे. वहीतले रकाने मी फाडून टाकले.

घरी स्वयंपाकघरात, त्याच टेबलावर, उघडायला बसलो. डॅडी समोर बसले, मदतीला नाही, नुसते. मॅगझिन काढलं. मग स्लाइड ओढली. नळीत बघितलं, करंगळी घालून बघितलं, डॅडींसमोर धरलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं, त्यांचं बोट घातलं. मग आम्ही ममालाही बोलावलं. ती म्हणाली, "माझे हात पिठाचे आहेत," तरी येऊन बघून गेली. मग वाळूच्या बादलीकडे तोंड करून मी चाप ओढला.

टक्.

ममा आतून म्हणाली, "फ्रीजर ठीक आहे." आणि मग ती हसायला लागली आणि थांबेना. तिने सांगितलं की त्या गोळीने डब्यातलं हरणाचं मांस दुसऱ्यांदा मारलं होतं, हा विनोद ती नऊ वर्षं कोणाला तरी सांगायला टपली होती. डॅडीही हसले. त्यांचे दात जरा सुटले.

बब्बा, त्या दिवशी स्लाइड ओढल्यावर बाहेर पडलेली गोळी टेबलावर गडगडत होती. डॅडी आत यायच्या आधी ती तू उचलून खिशात टाकलीस. मी पाहिलं. ती तिथे दिसली असती तर नळीत आधीपासूनच गोळी होती हे कळलं असतं आणि पिस्तूल भरलेलं ठेवल्याचं डॅडींना तिथल्या तिथे कबूल करावं लागलं असतं. म्हणजे तू मला एकट्याला झाकलं नाहीस. हे मी कालच्या सभेत सांगितलं नाही. रात्री जेवताना डॅडींना सांगितलं. ते बराच वेळ काट्याने भोपळा कुस्करत राहिले. मग उठून त्यांनी आजोबांचं पिस्तूल तेल लावून पुसलं, फडक्यात गुंडाळलं आणि त्याला गाडीच्या किल्लीला असते तसली चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर तुझं नाव आहे. अक्षर तुला ओळखू येईल.

त्याआधी दुपारी त्यांनी मला पोस्टात पिटाळलं होतं, बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी. "पिस्तुलाचं पार्सल ओडेसाला घेतात का, विचारून ये." खिडकीवरच्या बाईने मला नियम वाचून दाखवला. आपल्यासारख्या साध्या माणसांकडून पिस्तूल टपालात घेतच नाहीत. मी येऊन तसं सांगितलं. त्यांना हे माझ्या जन्माच्या आधीपासून ठाऊक असणार.

"मग इलाज नाही," डॅडी म्हणाले. "ज्याचं आहे त्याला येऊन न्यावं लागेल."

पुढच्या शनिवारी त्यांचे डोनट आहेत. आठ तासांचा रस्ता आहे हे मला माहीत आहे. तुझी खोली मी आज झाडली, गादी उन्हात टाकली. पहाटे पाचला उठायचं आहे म्हणून आता थांबतो.

तुझा धाकटा भाऊ, ज्याच्या हातून ती गोळी सुटली होती,
एनिस